स्टॅटिक फायनल नेमकं कुठे लिहायचं? आयर्विन पुलाच्या पातळीचा प्रोग्रॅम आणि छोट्या मेथड

नवशिकी_सांगली

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हेरिएबल, इफ-एल्स आणि लूप झाले आहेत. आता सरावाला घेतलेला प्रोग्रॅम असा: सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फूट आणि इंचांत घ्यायची आणि स्थिती 'सामान्य', 'इशारा' की 'धोका' ते छापायचं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. सगळा कोड मेनमध्येच (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेथडमध्ये) आहे आणि ४० नि ४५ हे आकडे त्यात जागोजागी विखुरलेत.

प्रश्न तीन आहेत.

मेनच्या आत 'प्रायव्हेट स्टॅटिक फायनल इंट' असं लिहिलं की 'इललीगल स्टार्ट ऑफ एक्स्प्रेशन' येतं. नुसतं 'फायनल इंट' लिहिलं तर चालतं. असं का?

फूट-इंचांचं रूपांतर वेगळ्या मेथडमध्ये काढलं ('रिटर्न फूट + इंच / १२'), तर ४४ फूट ११ इंचांना उत्तर ४४ येतं. ११ इंच जातात कुठे?

आणि फुटाचे १२ इंच कधीच बदलणार नाहीत. मग त्या १२ लाही नाव द्यायचं का?

(कोड इथे देवनागरीत लिहिते. एडिटरमध्ये कीवर्ड आणि अंक नेहमीचे इंग्रजीच आहेत.)

कंपायलरकाका

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

मेथडच्या आत जाहीर केलेलं व्हेरिएबल लोकल असतं. मेथड सुरू झाली की ते तयार होतं आणि मेथड संपली की जातं. प्रायव्हेट आणि स्टॅटिक हे शब्द क्लासच्या सदस्यांसाठी आहेत. 'स्टॅटिक' म्हणजे ही गोष्ट क्लासची, तिची एकच प्रत. 'प्रायव्हेट' म्हणजे क्लासबाहेरून दिसणार नाही. लोकल व्हेरिएबलला या दोन्हींचा काही अर्थच नाही. म्हणून कंपायलरला मेथडच्या आत 'प्रायव्हेट' दिसलं की तो तिथेच थांबतो, इथे मला विधान हवं होतं, हे काय आलं म्हणून. 'फायनल'चं तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच की किंमत एकदाच द्यायची, आणि ते लोकलला चालतं.

म्हणून जागा ही. क्लासचा महिरपी कंस उघडला की लगेच, मेनच्या बाहेर:

क्लास पूरपातळी {
    प्रायव्हेट स्टॅटिक फायनल इंट इशारा_फूट = ४०;
    प्रायव्हेट स्टॅटिक फायनल इंट धोका_फूट = ४५;

    पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन(स्ट्रिंग[] आर्ग्ज) {
        ...
    }
}

खऱ्या कोडमध्ये कॉन्स्टंटचं नाव सगळं कॅपिटल अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर, असा रिवाज आहे. कंपायलर त्याची सक्ती करत नाही, पण वाचणाऱ्याला कॅपिटल दिसलं की कळतं, ही किंमत पुढे कुठेही बदललेली नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही 'मॅथ.पाय' आणि 'इंटिजर.मॅक्स_व्हॅल्यू' तसेच लिहिलेले आहेत.

यातला 'स्टॅटिक' विसरला तर दुसरी एरर येईल: 'नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट'. मेन स्टॅटिक आहे, ती कुठल्याही ऑब्जेक्टशिवाय (क्लासवरून तयार केलेल्या वस्तूशिवाय) चालते. स्टॅटिक नसलेलं फील्ड (क्लासमधलं व्हेरिएबल) ऑब्जेक्टमध्ये राहतं. ऑब्जेक्टच नाही, तर मेनने ते कुठून आणायचं? ही एरर बघून बरेच जण समोर दिसेल त्याला स्टॅटिक लावत सुटतात, मोजलेल्या पातळीलासुद्धा. तसं करू नकोस. ४० आणि ४५ क्लासच्या. आज सकाळी मोजलेली पातळी मेथडला पॅरामीटर म्हणून द्यायची.

हळदबाजार

काका, जावात 'कॉन्स्ट' हा शब्द राखीव आहे ना? मग तोच का वापरत नाहीत?

कंपायलरकाका

राखीव आहे, पण वापरात नाही. 'गोटू'चंही तसंच. दोन्ही शब्द नाव म्हणून वापरता येत नाहीत आणि त्यांनी कामही काही होत नाही. जावात कॉन्स्टंट करायचा रस्ता स्टॅटिक फायनल हाच.

मिरज_जंक्शन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ११ / १२ यात दोन्ही बाजूंना इंट (पूर्णांक) आहेत. इंट भागिले इंट म्हणजे उत्तर इंटच, दशांश कापून. ० ते ११ मधला कुठलाही आकडा भागिले १२ केला तर शून्यच येणार. म्हणजे या मेथडमध्ये इंचांना कधीच किंमत मिळत नाही. ५७ फूट ६ इंच दिले तरी ५७ च. मेथडचा रिटर्न टाइप डबल (दशांशाचा टाइप) केला तरी फरक पडत नाही, कारण भागाकार आधी होतो आणि डबलमध्ये रूपांतर नंतर. तोवर दशांश गेलेला असतो.

१२ च्या जागी १२.० लिहिलं की ४४.९१६६... मिळेल. पण तिथे थांबू नका. हेच उत्तर छापताना कुणी शून्य दशांशावर आणलं, तर पडद्यावर ४५ दिसेल आणि शेजारी 'इशारा' असं लिहिलेलं असेल. वाचणारा म्हणेल, पंचेचाळीस झाले की वो, मग धोका का दाखवत नाही?

त्यापेक्षा सगळंच इंचांत मोजा. ४० फूट म्हणजे ४८० इंच, ४५ फूट म्हणजे ५४० इंच, ४४ फूट ११ इंच म्हणजे ५३९. तिन्ही पूर्णांक, तुलना स्वच्छ. डबल लागलाच तर मीटर दाखवण्यापुरता. एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, तेव्हा ४५ फूट म्हणजे १३.७१६ मीटर. तो गुणाकार छापण्याच्या वेळी करायचा. निर्णय मात्र इंचांवर घ्यायचा.

हळदबाजार

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत सरळ आहे: १२ ला नाव नको. कॉन्स्टंट कशासाठी? उद्या किंमत बदलली तर एकाच जागी बदलता यावी म्हणून. फुटाचे इंच बदलणार आहेत का? 'फुटातले_इंच' असं लिहून ओळ उगाच लांबते. ४० आणि ४५ ला नाव द्या, ते प्रशासनाने ठरवलेले आकडे आहेत, उद्या बदलू शकतात.

टेस्टकेस_ताई

पटलं नाही. बदल हे एक कारण झालं. दुसरं कारण अर्थ, आणि शिकणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडतं.

तुमच्याच हळदीच्या बिलाचं उदाहरण घ्या. वजन किलोत आहे, भाव क्विंटलचा आहे, म्हणून कुठेतरी १०० ने भागायचं. अडत टक्क्यांत आहे, म्हणून आणखी कुठेतरी १०० ने भागायचं. रक्कम पैशांत ठेवली असेल, तर रुपये करायला पुन्हा १००. एका मेथडमध्ये तीन वेळा १००, आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. भाव क्विंटलऐवजी दहा किलोचा करायचा झाला, तर यातला कुठला १०० बदलायचा? 'क्विंटलचे_किलो', 'टक्केवारी_भाजक', 'रुपयाचे_पैसे' अशी नावं असतील तर शोधावं लागत नाही. तिन्हींची किंमत सारखी आहे म्हणून एकच कॉन्स्टंट करून तिघांना वापरणं हीही तितकीच मोठी चूक.

आणि 'शंभर = १००' असं नाव कुणी देत असेल तर कृपया देऊ नका. नावाने आकडा वाचून दाखवायचा नसतो, आकडा कशाचा ते सांगायचं असतं.

हळदबाजार

तीन शंभरांचा मुद्दा मान्य, तिथे नावं हवीतच. पण याच बिलात एक उलटी अडचण आहे. अडतीचा दर, हमाली, तोलाई हे सगळं नवशिके स्टॅटिक फायनल करून ठेवतात, कारण 'कॉन्स्टंट करा' एवढंच शिकवलेलं असतं. दर बदलला की कोड उघडा, बदला, कंपाइल करा, सगळ्या काँप्युटरवर पुन्हा टाका. जो आकडा प्रोग्रॅम वापरणारा माणूस बदलणार आहे, तो क्लास कॉन्स्टंट नव्हे. तो फाइलमधून किंवा पडद्यावरून घ्यायचा.

टेस्टकेस_ताई

यात शंभर टक्के सहमत.

पाचवड_फाटा

एक बारीक पण घातक गोष्ट. फूट दोन आकडी, इंच दोन आकडी, म्हणून रांगेत छान दिसावं यासाठी कुणी ०४० आणि ०४५ असं लिहू नका. जावात पुढे शून्य लावलेला पूर्णांक अष्टमान पद्धतीत वाचला जातो. ०४० म्हणजे ३२ आणि ०४५ म्हणजे ३७. कंपायलर ब्र काढत नाही. ३२ फुटांना इशारा सुरू! ०८ किंवा ०९ लिहिलं तर निदान एरर तरी येते, कारण अष्टमानात ८ आणि ९ नाहीत.

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातून लिहितोय, तेव्हा सांगलीच्या पातळीच्या वरच्या अंगाचं गणितही येऊ द्या. कॉन्स्टंटचा टाइप चुकला की काय होतं ते कोयनेच्या आकड्यांत फार चांगलं दिसतं.

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आता हे बघा:

स्टॅटिक फायनल इंट टीएमसी_घनफूट = १_००_००_००_०००;

(अंकांमध्ये अंडरस्कोर जावा ७ पासून चालतो, आणि तो आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीनेही टाकता येतो. तीन-तीनचेच गट करायची सक्ती नाही.)

शंभर कोटी इंटमध्ये मावतात, कारण इंटची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७. त्यामुळे ही ओळ बिनतक्रार कंपाइल होते. पण १०५ * टीएमसी_घनफूट केलं की उत्तर येतं १,९२,०७,८४,८९६. धन आकडा, दिसायला अगदी खरा. साडेदहा हजार कोटींच्या जागी एकशे ब्याण्णव कोटी, आणि एरर काहीच नाही. ऋण आकडा आला असता तर कुणीतरी चमकलं असतं. हा आकडा तसाच पुढे निघून जातो.

उत्तर लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकांच्या टाइपमध्ये) साठवून हे सुटत नाही. 'लाँग साठा = १०५ * टीएमसी_घनफूट' यात गुणाकार इंटमध्ये होतो, बिघडतो आणि मग बिघडलेलं उत्तर लाँगमध्ये जाऊन बसतं. कॉन्स्टंटच लाँग करा आणि आकड्याच्या शेवटी एल लावा. तो एल कॅपिटलच लावा, छोटा एल १ सारखा दिसतो.

विसर्गाचं असंच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. दिवसभरात किती पाणी गेलं, याची मेथड लिहायची तर क्युसेक * दिवसाचे_सेकंद. दोन्ही इंट असतील तर २४,८५५ क्युसेकपर्यंत उत्तर बरोबर येतं. २४,८५६ पासून ऋण येतं. म्हणजे ५ आणि १० हजारांवर तपासलेला प्रोग्रॅम मे महिन्यात उत्तम चालणार आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा गरज आहे तेव्हाच, ३० हजार क्युसेकला −१,७०,२९,६७,२९६ घनफूट सांगणार.

मिरज_जंक्शन

आणि ते टीएमसीत बदलताना माझावाला भागाकार पुन्हा आडवा येणार. ३० हजार क्युसेक दिवसभर म्हणजे २५९ कोटी २० लाख घनफूट, म्हणजे २.५९२ टीएमसी. लाँग भागिले लाँग केलं तर नुसते २. साधारण ११,५७४ क्युसेक चोवीस तास सोडले की एक टीएमसी होतो, तेव्हा त्याच्या आतला कुठलाही विसर्ग शून्य टीएमसी दिसेल. भागायच्या आधी एका बाजूला डबल करून घ्या.

कोयनाकाठ

बरोबर. शिवाय गुणाकार इंटमध्येच ठेवायचा असेल आणि उतू गेल्याचं कळायला हवं असेल, तर जावा ८ पासून 'मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट' आहे. मर्यादा ओलांडली की ते चुकीचं उत्तर देण्याऐवजी अरिथमेटिक एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना येणारी एरर) टाकतं.

दिवसाचे सेकंद ८६४०० असे थेट लिहिण्यापेक्षा २४ * ६० * ६० असे लिहा. हा गुणाकार कंपायलर कंपाइल करतानाच करून ठेवतो, प्रोग्रॅम चालताना वेळ जात नाही, आणि वाचणाऱ्याला पडताळता येतं.

नवशिकी_सांगली

एवढं सगळं वाचून पुन्हा लिहिलं. आता असं आहे:

क्लास पूरपातळी {
    प्रायव्हेट स्टॅटिक फायनल इंट इशारा_इंच = ४० * फुटातले_इंच;
    प्रायव्हेट स्टॅटिक फायनल इंट धोका_इंच = ४५ * फुटातले_इंच;
    प्रायव्हेट स्टॅटिक फायनल इंट फुटातले_इंच = १२;

    स्टॅटिक व्हॉइड स्थिती(इंट फूट, इंट इंच) {
        इंट एकूण = फूट * फुटातले_इंच + इंच;
        इफ (एकूण > इशारा_इंच) {
            सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन("इशारा");
        } एल्स इफ (एकूण > धोका_इंच) {
            सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन("धोका");
        } एल्स {
            सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन("सामान्य");
        }
    }
}

'इललीगल फॉरवर्ड रेफरन्स' येतंय.

वाईकर

फुटातले_इंच सगळ्यात वर घ्या. स्टॅटिक फील्डना वरून खाली क्रमाने किंमत मिळते. खाली जाहीर केलेलं नाव वरच्या ओळीत वापरता येत नाही. मेथडना हा नियम लागू नाही, त्या कुठल्याही क्रमाने लिहा.

टेस्टकेस_ताई

क्रम सुधारला की कंपाइल होईल, पण ४६ फुटांना 'इशारा' सांगेल. पहिली अट ४० च्या वर आहे का विचारते. ४६ हे ४० च्या वर आहेच, तेव्हा तिथेच उत्तर मिळतं आणि 'धोका'ची अट कधीच तपासली जात नाही. अशा शिडीत मोठी मर्यादा आधी तपासायची.

दुसरं, '>' की '>='. पाणी बरोबर ४५ फुटांवर आहे, तेव्हा काय सांगायचं? धोका पातळी 'गाठली' म्हणजे धोका, असं मानलं तर '>=' हवं. हा निर्णय भाषेचा नाही, विषयाचा आहे. तो एकदा घ्यायचा आणि एकाच मेथडमध्ये ठेवायचा. कॉन्स्टंटने आकडा एका जागी आला, तशी मेथडने तुलना एका जागी येते. नुसता कॉन्स्टंट करून तुलना पाच ठिकाणी विखुरलेली राहिली, तर कुठे '>' आणि कुठे '>=' होणारच. मग मुख्य पडदा एक सांगणार आणि अहवाल दुसरंच.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: मेथडने छापू नये, उत्तर परत द्यावं. 'स्थिती' जर व्हॉइड (काहीच परत न देणारी) असेल आणि आतच छापत असेल, तर तिचं उत्तर फक्त डोळ्यांनी वाचता येतं. उद्या धोक्याच्या दिवसांची संख्या मोजायची झाली, फाइलमध्ये लिहायचं झालं, तर ही मेथड कामाची नाही, तेच इफ-एल्स पुन्हा लिहावं लागेल. स्ट्रिंग परत दिली की छापणं मेनचं काम:

स्टॅटिक इंट इंचांत(इंट फूट, इंट इंच) {
    रिटर्न फूट * फुटातले_इंच + इंच;
}

स्टॅटिक स्ट्रिंग स्थिती(इंट एकूणइंच) {
    इफ (एकूणइंच >= धोका_इंच) रिटर्न "धोका";
    इफ (एकूणइंच >= इशारा_इंच) रिटर्न "इशारा";
    रिटर्न "सामान्य";
}

शेवटची रिटर्नची ओळ विसरलात तर 'मिसिंग रिटर्न स्टेटमेंट' येईल. कंपायलरला प्रत्येक वाटेच्या शेवटी उत्तर लागतं.

तपासायला चार आकडे पुरतात: ४७९, ४८०, ५३९, ५४०. मर्यादेच्या एक इंच खाली आणि नेमका मर्यादेवर. त्यांची उत्तरं क्रमाने सामान्य, इशारा, इशारा, धोका. नुसत्या ३० आणि ५० फुटांवर तपासून '>' आणि '>=' यांची चूक कळत नाही, तिथे दोन्हींचं उत्तर सारखंच येतं.

हळदबाजार

'इंचांत' ही एका ओळीची मेथड आहे. इतकी छोटी मेथड काढायची?

टेस्टकेस_ताई

काढायची, कारण तपासणीला जागा तीच. इंच ० ते ११ च असायला हवेत. कुणी ४४ फूट १५ इंच दिले तर गणित ५४३ सांगेल आणि धोका दाखवेल, पण मुळात नोंदच चुकीची आहे. ही तपासणी 'इंचांत'च्या सुरुवातीला टाका: इंच शून्यापेक्षा कमी किंवा फुटातले_इंच एवढे वा जास्त असतील तर इललीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन. मेथड एका ओळीची असली तरी तिला एक काम आहे आणि त्या कामाला नाव आहे. लांबीपेक्षा ते बघावं. नाव देताना 'आणि' घालावं लागलं, जसं 'मोजा_आणि_छापा', की समजावं इथे दोन मेथड दडल्यात.

अजिंक्यतारा

थोडं अवांतर. नवशिकी कोड इथे देवनागरीत लिहितेय, पण 'इशारा_इंच' हे नाव खऱ्या जावातही चालतं, हे किती जणांना माहीत आहे? जावाच्या नावांना युनिकोडमधली अक्षरं चालतात, देवनागरी काना-मात्रांसकट. कीवर्ड मात्र इंग्रजीच. देवनागरी अंक नावात चालतात, पण कोडमध्ये किंमत म्हणून '४०' लिहिलं तर चालत नाही. गंमत पुढे आहे: 'इंटिजर.पार्सइंट'ला "४०" ही देवनागरी स्ट्रिंग दिली तर ते बरोबर ४० परत देतं.

अडचण एन्कोडिंगची. जावा १८ पासून यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग झालं. त्याआधीच्या आवृत्तीत विंडोजवर कंपाइल करताना 'एन्कोडिंग' हा पर्याय देऊन यूटीएफ-८ सांगावं लागतं, नाहीतर नावांच्या जागी कचरा वाचला जातो. आणि कंपाइल नीट झालं तरी विंडोजच्या काळ्या खिडकीत "धोका"च्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. ती चूक कोडची नसते, खिडकीची असते.

कंपायलरकाका

चालतं हे खरं, पण शिकताना नावं इंग्रजी लिपीतच ठेवावीत असं मला वाटतं. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे कॉन्स्टंट आणि साधं व्हेरिएबल यांत नजरेला फरक राहत नाही. तो फरक हा धाग्याचा विषयच आहे.

अजिंक्यतारा

हे मान्य. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला 'धोका_इंच' वाचून जे लगेच कळतं, ते परक्या शब्दात कळायला वेळ लागतो. मराठी शब्द इंग्रजी लिपीत, कॅपिटलमध्ये, हा मधला रस्ता चांगला आहे.

वाईकर

आता एक सापळा, जो एका फाइलच्या प्रोग्रॅममध्ये दिसत नाही. कॉन्स्टंट दुसऱ्या क्लासमध्ये ठेवले, समजा 'पातळ्या' या क्लासमध्ये, आणि पूरपातळीतून 'पातळ्या.धोका_इंच' असे वापरले. किंमत बदलून फक्त पातळ्या पुन्हा कंपाइल केला, तर पूरपातळी जुनीच किंमत वापरत राहतो! कारण प्रिमिटिव्ह (इंट, डबल यांसारखे साधे टाइप) किंवा स्ट्रिंग कॉन्स्टंटची किंमत कंपाइल करतानाच ठरत असेल, तर कंपायलर ती वापरणाऱ्या क्लासच्या फाइलमध्ये थेट कोरून ठेवतो. चालताना तो पातळ्याकडे बघतही नाही. उपाय सोपा: जुन्या क्लास फाइल पुसून सगळं पुन्हा कंपाइल करायचं. एडिटरमध्ये 'क्लीन बिल्ड' असतो तो यासाठीच.

कॉन्स्टंटसाठी इंटरफेस करून सगळ्यांनी तो इम्प्लिमेंट करायचा, अशी एक जुनी सवय काही ठिकाणी दिसते. ती उचलू नका. जो क्लास कॉन्स्टंट वापरतो त्यातच ते प्रायव्हेट ठेवा. दोन-तीन क्लासना लागले तरच वेगळा क्लास काढा, आणि त्याचा ऑब्जेक्ट कुणी करू नये म्हणून कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा भाग) प्रायव्हेट करा. 'मॅथ' क्लासही तसाच आहे.

पाचवड_फाटा

आणि 'स्थिती'ने स्ट्रिंगऐवजी एनम (ठरावीक नावांचा स्वतःचा टाइप) परत द्यावा का? जावा ५ पासून एनम आहेत. "धोका" असा शब्द एका ठिकाणी चुकून "धोक" लिहिला गेला तर कंपायलरला काही कळत नाही. एनममध्ये चुकला तर तो लगेच पकडतो.

टेस्टकेस_ताई

हो, पुढची पायरी तीच. पण नवशिकी, आधी स्ट्रिंगवाली मेथड आणि ते चार आकडे नीट चालू दे, मग एनम कर. एकदम दोन्ही बदललंस तर काय बिघडलं ते कळणार नाही.

कोयनाकाठ

नव्या जावात मेनला स्टॅटिक लागत नाही म्हणे. मग हे सगळं स्टॅटिकचं पुराण कशाला?

वाईकर

जावा २५ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या आवृत्तीपासून, क्लासचं नाव न लिहिता नुसती 'व्हॉइड मेन' लिहून प्रोग्रॅम चालतो. अशा फाइलमध्ये मेथडना स्टॅटिक लावावं लागत नाही, 'फायनल इंट' एवढंही पुरतं. शिकायला सोपं आहे, वापरा. पण परीक्षेच्या पेपरात आणि जुन्या जावाच्या लॅबमध्ये पूर्ण रचनाच लागेल. शिवाय प्रोग्रॅम दोन फाइलचा झाला की 'क्लासची एकच प्रत' ही कल्पना परत समोर येतेच.

नवशिकी_सांगली

चारही आकडे बरोबर आले. १५ इंच दिल्यावर एक्सेप्शनही आलं. आता आठवडाभराच्या पातळ्या घ्यायच्या आहेत. त्यासाठी 'स्टॅटिक फायनल इंट[] पातळ्या' असा अ‍ॅरे केला, पण फायनल असूनही त्यातला आकडा बदलता येतोय. असं कसं?

कंपायलरकाका

फायनल आहे ते 'पातळ्या' हे नाव. ते दुसऱ्या अ‍ॅरेकडे वळवता येणार नाही, एवढीच हमी. अ‍ॅरेच्या आतल्या घरांना फायनल लागू होत नाही. न बदलणारी यादीच हवी असेल तर जावा ९ पासूनची 'लिस्ट.ऑफ' वापर. तिच्यात बदल करायला गेलं की एक्सेप्शन येतं.

पण तुझ्या कामात आठवड्याच्या पातळ्या कॉन्स्टंट नाहीतच. ती मोजलेली माहिती आहे, रोज नवी येणार. साधा लोकल अ‍ॅरे मेनमध्ये कर, 'स्टॅटिक इंट धोक्याचे_दिवस(इंट[] पातळ्या)' अशी मेथड लिही, आत लूप फिरवून प्रत्येक आकडा 'स्थिती'ला दे आणि उत्तर "धोका" आलं की मोजणी एकने वाढव. तुलना करताना '==' नको, स्ट्रिंगला 'इक्वल्स' लागतं. ४५ हा आकडा त्या मेथडमध्ये कुठेही यायला नको.

नवशिकी_सांगली

लिहिते आणि टाकते इथे. सात आकड्यांत ५३९ आणि ५४० दोन्ही ठेवते.